कापसाच्या रांगेतून आयआयएमपर्यंत : ऑपरेशन्स मॅनेजमेंट म्हणजे काय, आणि आदिलाबादच्या मुलांनी प्रवेशाआधी काय तपासावे?

आदिलाबाद : डिग्रीचे शेवटचे वर्ष आले की घरोघरी एकच प्रश्न असतो, पुढे काय? बेला, जैनथ, तांसी भागातल्या मराठी घरांत त्याला आणखी एक प्रश्न जोडलेला असतो. पुढे कुठे? पैनगंगेच्या अलीकडे की पलीकडे? एमबीए करायचे म्हटले तर बहुतेक मुले फायनान्स, मार्केटिंग किंवा एचआर एवढेच सांगतात. 'ऑपरेशन्स मॅनेजमेंट' आणि 'इन्फॉर्मेशन सिस्टीम्स' ही नावे फारशी कोणी घेत नाही. खरे तर यातला पहिला धडा जिल्ह्यातला प्रत्येक कापूस उत्पादक दर हंगामात गिरवतो. फरक एवढाच की तो वर्गात बसून नाही, मार्केट यार्डाच्या रांगेत उभा राहून गिरवतो.

रांगेचा हिशेब

हिशेबासाठी काही आकडे धरू. यार्डात तासाला 20 गाड्या येतात. कापसातला ओलावा तपासायला गाडीमागे 3 मिनिटे लागतात, म्हणजे तासाला 20 गाड्या तपासून होतात. वजनकाट्यावर 4 मिनिटे, म्हणजे 15 गाड्या. माल खाली करायला 5 मिनिटे, म्हणजे 12 गाड्या. दहा तासांत 200 गाड्या आल्या तर रिकाम्या होऊन बाहेर पडतील 120. उरलेल्या 80 संध्याकाळी रांगेतच. त्यातल्या शेवटच्या गाडीला अजून पावणेसात तास थांबावे लागणार.

आता कोणी म्हणाले, रांग फार झाली, दुसरा वजनकाटा बसवा. काही फरक पडेल का? नाही. काटे दोन झाले तरी माल खाली होणार तासाला 12 गाड्यांचाच. सगळ्यात हळू जे काम चालते तेच पूर्ण साखळीचा वेग ठरवते. अभ्यासक्रमात याला 'बॉटलनेक' म्हणतात. पैसा कुठे लावायचा आणि कुठे लावून उपयोग नाही हे आधी हिशेबाने काढणे, हेच ऑपरेशन्सचे काम. कारखाना, दवाखाना, बस डेपो, गोदाम, बँकेची शाखा, सगळीकडे तोच हिशेब.

दुसरा भाग माहितीचा. गाड्या सकाळीच एकदम का येतात? कारण आज किती गाड्या येणार हे शेतकऱ्यालाही ठाऊक नाही आणि यार्डालाही नाही. प्रत्येक तासाला 12 गाड्यांचीच वेळ वाटून दिली तर रांग उरत नाही. भारतीय कापूस महामंडळाने 2025-26 च्या हंगामात हमीभावाच्या खरेदीसाठी 'कपास किसान' अ‍ॅप आणले. त्यात आधी नोंदणी करायची आणि मग स्लॉट घ्यायचा, त्यामागचा विचार हाच. इन्फॉर्मेशन सिस्टीम म्हणतात ती ही.

पण अ‍ॅप आले म्हणजे प्रश्न सुटला असे नाही. जमीन एकाच्या नावावर आणि मक्त्याने कसणारा दुसराच असेल तर स्लॉट कोणाच्या नावाने निघणार? पट्टादार पासबुकात आजोबांचे नाव आणि आधारवर नातवाचे, मग? ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याने काय करायचे? हे प्रश्न कॉम्प्युटर येतो म्हणून सुटत नाहीत. काम कसे चालते हे ज्याला कळते आणि सॉफ्टवेअरवाल्याला ते नीट सांगता येते, असा माणूस मध्ये लागतो. हे शिक्षण घेतलेल्यांना नोकरी मिळते ती मुख्यतः याच जागेवर.

अभ्यासात काय असते?

दोन वर्षांच्या एमबीएत पहिल्या वर्षी सगळ्यांना हिशेब, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, मार्केटिंग असे मूळ विषय असतात. दुसऱ्या वर्षी स्पेशलायझेशन. ऑपरेशन्समध्ये मालाचा साठा किती ठेवायचा, मागणीचा अंदाज, वाहतुकीचा सर्वांत स्वस्त मार्ग, गुणवत्ता तपासणी, प्रकल्पाचे वेळापत्रक आणि सप्लाय चेन. इन्फॉर्मेशन सिस्टीम्समध्ये डेटाबेस, ईआरपी, डेटा अ‍ॅनालिटिक्स, माहितीची सुरक्षा. एक्सेल दोन्हीकडे रोज लागते.

एमसीए वेगळे. तिथे मुख्य काम सॉफ्टवेअर बनवण्याचे, आणि बऱ्याच ठिकाणी बारावीला किंवा डिग्रीला गणित असण्याची अपेक्षा असते. एमबीएला तशी अट नाही. बीकॉम, बीए, बीएस्सी कोणीही येऊ शकतो. फक्त आकड्यांची भीती असून चालत नाही. बीकॉमवाल्यांना कॉस्टिंगची ओळख असतेच, त्यामुळे साठ्याचा हिशेब त्यांना लवकर उमजतो.

हा विषय आपल्या भागाला परका नाही. भारतात ऑपरेशन्स रिसर्चचा पहिला गट 1949 मध्ये हैदराबादच्या रीजनल रिसर्च लॅबोरेटरीत सुरू झाला. 1963 मध्ये मुंबईत पवईजवळ, विहार तलावाकाठी, 'निटी' ही औद्योगिक अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. कारखान्यांना लागणारे ऑपरेशन्सचे लोक तिने अनेक दशके घडवले. 2023 मध्ये तिचेच आयआयएम मुंबई झाले.

दारे कोणती?

आयआयएममध्ये जायचे तर कॅट. परीक्षा नोव्हेंबरच्या शेवटी होते, अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. 120 मिनिटे, तीन भाग, चुकीच्या पर्यायाला गुण कापतात. नागपूरचे आयआयएम आदिलाबादहून राष्ट्रीय महामार्ग 44 ने साधारण 200 किलोमीटर. हैदराबाद केंद्रीय विद्यापीठाच्या एमबीएलाही कॅटचेच गुण लागतात.

तेलंगणातल्या विद्यापीठांसाठी आणि कॉलेजांसाठी आयसेट. 200 प्रश्न, 150 मिनिटे, निगेटिव्ह मार्किंग नाही. यातले 150 गुण तर्क आणि गणिताचे, भाषेचे 50. महाराष्ट्रासाठी एमबीए सीईटी, तीही 200 प्रश्नांची, 150 मिनिटांची आणि निगेटिव्ह मार्किंग नसलेली. यातली एकही परीक्षा मराठीत होत नाही. पण मराठी माध्यमातून आलेल्या मुलाने घाबरून जाऊ नये. दोन्ही राज्यांच्या परीक्षांत इंग्रजी शब्दसंग्रह आणि उताऱ्यांच्या भागाला चौथा हिस्साच गुण आहेत. बाकीचे गुण आकड्यांवर आणि तर्कावर मिळवता येतात, प्रश्न वाचून समजण्याइतके इंग्रजी मात्र हवे.

महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाच्या एमबीएत 'ऑपरेशन्स अँड सप्लाय चेन' आणि 'बिझनेस अ‍ॅनालिटिक्स' हे वेगळे गट आहेत. नाशिकला सिंबायोसिसची ऑपरेशन्सला वाहिलेली स्वतंत्र संस्था आहे. तिचा प्रवेश स्नॅप परीक्षेतून होतो. नोकरी सोडता येत नसेल त्यांच्यासाठी इग्नूचा ऑपरेशन्स मॅनेजमेंटमधला एमबीए घरी राहून करता येतो.

कुठेही प्रवेश घेण्याआधी कॉलेजला एक गोष्ट जरूर विचारावी : गेल्या वर्षी ऑपरेशन्स हा गट प्रत्यक्ष शिकवला का? छापील माहितीपत्रकात सगळी स्पेशलायझेशन असतात, पण मुले कमी भरली तर तो गट चालवतच नाहीत. मग नाइलाजाने फायनान्स घ्यावे लागते.

खरी अडचण : 'स्थानिक' कोण?

सीमेवरच्या घरांची फसगत होते ती इथे. तेलंगणात 85 टक्के जागा स्थानिक उमेदवारांसाठी असतात. स्थानिक म्हणजे इथे जन्मलेला किंवा इथे घर असलेला, असा साधा अर्थ नाही. पात्रता परीक्षेच्या वर्षापर्यंतची सलग चार वर्षे या भागात शिकलेला, असा मुख्य नियम आहे. एमबीएसाठी पात्रता परीक्षा म्हणजे डिग्री. आता समजा, मुलगा दहावी-इंटर आदिलाबादला शिकला आणि मराठीच्या ओढीने डिग्रीला नांदेडला किंवा यवतमाळला गेला. तीन वर्षांनी परत येऊन आयसेट दिली तर घर आदिलाबादचे असूनही तो स्थानिक कोट्यातून बाहेर पडू शकतो. मग उरलेल्या 15 टक्क्यांत स्पर्धा करावी लागते, आणि तिथेही आई-वडिलांच्या रहिवासाचे कागद मागतात.

नदीच्या पलीकडेही दार सताड उघडे नाही. महाराष्ट्राचे डोमिसाइल मिळायला 15 वर्षांचा रहिवास लागतो. महाराष्ट्राच्या प्रवेश नियमांत सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी सवलत आहे, पण ती महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या वादग्रस्त 865 गावांपुरती. बेळगाव, निपाणीकडच्या मुलाला ती मिळते, बेल्याच्या मुलाला मिळत नाही. भाषा एकच असली तरी नियमाच्या दृष्टीने आदिलाबादचा विद्यार्थी 'महाराष्ट्राबाहेरचा' ठरतो. तो अखिल भारतीय जागांवर लढतो.

जातीच्या दाखल्याचेही तसेच. बंजारा (लंबाडा) समाज तेलंगणात अनुसूचित जमातीत आहे, महाराष्ट्रात विमुक्त जातीत. एका राज्याचा दाखला दुसऱ्या राज्याच्या प्रवेशात चालत नाही. आयआयएमसारख्या केंद्रीय संस्थांत मात्र आपापल्या राज्याची केंद्रीय यादी लागू होते. म्हणून आदिलाबादची लंबाडा मुलगी तिथे एसटीमधून अर्ज करते आणि किनवटची तिची मावसबहीण ओबीसीमधून.

पैसा

तेलंगणातल्या कॉलेजात कन्व्हीनर कोट्यातून प्रवेश मिळाला आणि उत्पन्नाच्या अटीत बसत असेल तर ई-पासमधून फी परत मिळते. मॅनेजमेंट कोट्याला हा लाभ नाही. महाराष्ट्रात शिकायला गेल्यास तेलंगणाचा हा लाभ गेला असेच धरून चालावे. परताव्याला उशीर होतो, तेव्हा पहिल्या वर्षाची सोय स्वतःकडे असलेली बरी.

आयआयएमची फी ऐकून पालक मागे सरकतात. दोन वर्षांचे आकडे दहा लाखांच्या वरच असतात. पण नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत, यादीतल्या संस्थेत गुणवत्तेवर प्रवेश मिळाला तर तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळते. घरचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षण चालू असताना व्याजात 3 टक्के सवलतीची तरतूद आहे. शेत गहाण ठेवण्याआधी ही चौकशी करावी.

म्हणून क्रम असा ठेवा

इंटरच्या दुसऱ्या वर्षातच ठरवा : पुढे एमबीए तेलंगणात करायचे असेल तर डिग्री शक्यतो तेलंगणातच करा. केंद्रीय संस्थांचे लक्ष्य असेल तर डिग्री कुठेही चालते, फक्त 50 टक्के गुण हवेत (एससी, एसटी आणि दिव्यांगांना 45) आणि कॅटची तयारी दुसऱ्या वर्षापासून हवी. चौथीपासून डिग्रीपर्यंतचे सगळे बोनाफाइड एका फाइलीत जपून ठेवा. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला मी-सेवेतून वेळेत काढा. नियमांत दरवर्षी थोडाफार बदल होतो, म्हणून अर्जाआधी त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, एजंटाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

कापसाच्या यार्डाला जो नियम तोच याला. सगळ्यात हळू जागा कोणती हे आधी शोधायचे. सीमेवरच्या बऱ्याच मुलांसाठी ती जागा प्रवेश परीक्षा नाही, कागद आहे. आणि तो कागद डिग्रीला नाव घालतानाच ठरून जातो.