दरोडा, खून आणि शिक्षेचा तराजू

दरोड्यात कुणाचा जीव गेला की गावाच्या तोंडी एकच शब्द असतो: फाशी. हा संताप मी खोटा मानीत नाही. परंतु न्यायाधीशाला संतापावर निकाल लिहिता येत नाही. आरोपी दोषी ठरला, तरी त्याला शिक्षा किती द्यावी हा प्रश्न निराळाच उरतो. तो कसा सोडवितात, हे आपण नागरिकांनी जाणले पाहिजे. कारण फाशी दिली जाते ती आपल्या नावाने.

पाच किंवा अधिक माणसांनी मिळून केलेल्या जबरी चोरीला कायदा दरोडा म्हणतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ३९६ व्या कलमाप्रमाणे, दरोडा घालताना त्यांपैकी एकाने जरी खून केला, तरी सगळेच फाशी, जन्मठेप किंवा सक्तमजुरीस पात्र ठरत. १ जुलै २०२४ रोजी अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३१० व्या कलमानेही हेच तत्त्व ठेवले आहे. म्हणजे सुरा चालविणारा आणि दाराशी पहारा देणारा, दोघेही एकाच कलमात सापडतात. पण एका कलमात सापडणे म्हणजे एकाच शिक्षेस लायक ठरणे नव्हे. तेथूनच तोलण्याचे काम सुरू होते.

या तोलण्याची रीत काळाप्रमाणे पार उलटली आहे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेखाली खुनाबद्दल फाशी दिली नाही, तर न्यायाधीशाला त्याची कारणे लिहावी लागत. १९५५ च्या दुरुस्तीने ते बंधन गेले. १९७३ च्या संहितेने तर नियमच फिरविला: जन्मठेप ही रीत, आणि फाशी द्यावयाची तर विशेष कारणे लिहून द्यावी. शिवाय दोषी ठरलेल्याला शिक्षेपुरते स्वतंत्रपणे ऐकून घेणेही आवश्यक झाले.

१९८० साली बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फाशी घटनाबाह्य ठरविली नाही. मात्र ती विरळात विरळ प्रकरणीच द्यावी, असे सांगितले. एका पारड्यात गुन्ह्याचे गांभीर्य वाढविणाऱ्या गोष्टी पडतात: आधी आखलेला बेत, अमानुष क्रौर्य, कामावरील पोलिसाची हत्या. १९८३ च्या माचीसिंग निकालाने खुनाची पद्धत, हेतू, बळींची संख्या, बळी बालक, वृद्ध किंवा असहाय होता काय, अशा कसोट्या मांडल्या. दुसऱ्या पारड्यात गुन्हेगाराचे वय, मनःस्थिती, दुसऱ्याच्या दडपणाखाली केलेली कृती आणि सुधारण्याची शक्यता येतात. तो सुधारणार नाही हे पुराव्याने दाखविण्याची जबाबदारी सरकारची आहे, हेही बच्चनसिंग निकालातच आहे.

कामगारांना हे तत्त्व परके नाही. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याखालील आदर्श नियमांत असेच होते. कामगाराला शिक्षा देताना मालकाने गैरवर्तनाचे गांभीर्य, त्याची मागील नोंद आणि दोष वाढविणाऱ्या वा सौम्य करणाऱ्या गोष्टी लक्षात घ्याव्यात. चौकशीत आरोपपत्र मालक लिहितो. मागील चांगली नोंद मात्र कुणीतरी मुद्दाम पुढे आणावी लागते. कोर्टातही तेच घडते. पहिले पारडे पोलीस, पंचनामा आणि शवचिकित्सा आपोआप भरतात. दुसरे कोण भरणार? पैसेवाल्याचा वकील ते भरील. ज्याला वकीलच सरकारने नेमून दिला, त्याचे पारडे बहुधा रिकामेच राहते. आणि रिकाम्या पारड्याशी तोललेले काहीही जडच भरते.

ही उणीव २०२२ साली न्यायालयाने मान्य केली. इंदूर येथे २०११ साली लूट करताना एकाच घरातील तीन स्त्रियांचे खून झाले होते. खालच्या न्यायालयांनी तिघा आरोपींना फाशी दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या तुरुंगातील वर्तनाचे व मानसिक स्थितीचे अहवाल मागविले, आणि फाशीऐवजी किमान २५ वर्षांची जन्मठेप दिली. अशी माहिती मूळ खटल्याच्या वेळीच गोळा व्हावी, असे निर्देशही दिले. गुन्हा घोर होता हे न्यायालयाने नाकारले नाही. पण एकट्या गुन्ह्यावर तराजू ठरत नाही, हे त्याने दाखविले.

पारडे रिकामे राहिले तर काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २००३ सालच्या एका दरोड्यात पाच जण मारले गेले. भटक्या जमातीतील सहा जण पकडले गेले. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांसाठी फाशीच योग्य ठरविली. पुढे फेरविचार झाला, आणि २०१९ साली त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवून प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई देवविली. तोवर तुरुंगात सोळा वर्षे गेली होती. गुन्ह्याचे क्रौर्य खरे होते. माणसे ती असल्याचे सिद्ध झाले नव्हते. क्रौर्याने डोळे दिपले की पुराव्यातील भोकेही दिसेनाशी होतात.

मेलेल्याच्या घरचे दुःख यामुळे हलके होत नाही. त्यांना न्याय मिळालाच पाहिजे. जन्मठेप हीही काही सुटका नव्हे. मागणी एवढीच की, तोलायचे तर दोन्ही पारडी भरून तोला. चुकलेली जन्मठेप अर्ध्यात थांबविता येते. चुकलेली फाशी परत घेता येत नाही.