एक दिवा आणि चाळीस स्टार्ट

वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि त्याच्या आसऱ्याने बजाजनगर वाढलं. इथल्या माणसाला सेल्फ आणि बॅटरीची ओळख करून द्यायला नको. बॅटरी बसली तर किक आहे. जुन्या रिक्षाला तर हाताने ओढायचा दांडाच होता. पण रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या ट्रॉलरचं मोठं डिझेल इंजिन किकने कुठलं सुरू व्हायला! रात्री नांगर टाकून इंजिन बंद केलं, की पहाटे ते पुन्हा धडधडणार का, हे बॅटरीत उरलेल्या विजेवर ठरतं.

आता हिशेब मांडा. स्टार्टर मोटर ३०० अँपिअर ओढते असं धरू. आकडा भयंकर वाटतो, पण ओढते किती वेळ? तीन सेकंद. म्हणजे खर्च अवघा पाव अँपिअर-तास. उलट डोलकाठीवरचा १० वॉटचा साधा बल्ब १२ व्होल्टवर एक अँपिअरसुद्धा घेत नाही, पण बारा तास जळून १० अँपिअर-तास गिळतो. त्या मिणमिणत्या दिव्याच्या एका रात्रीत इंजिन चाळीस वेळा सुरू झालं असतं! बॅटरी रिकामी करतो तो जोर नव्हे, वेळ. मला हे गणित पुन्हा पुन्हा करून पाहावंसं वाटतं.

बरं, दिवा मालवूनही चालत नाही. नांगरलेल्या बोटीने चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा लावावा, असा १९७२ चा आंतरराष्ट्रीय नियम आहे. मध्यम आकाराच्या बोटीचा दिवा दोन सागरी मैलांवरून, म्हणजे सुमारे पावणेचार किलोमीटरवरून दिसायला हवा. तो नसेल तर अंधारात दुसरी बोट सरळ अंगावर येते. शिवाय वायरलेस संच ऐकत राहतो, जीपीएस चालू असतो. मासेमारी बोटींवर ट्रान्सपाँडर, म्हणजे उपग्रहामार्फत संदेश देणारा-घेणारा संच, बसवण्याच्या ज्या योजनेची २०२४ मध्ये पालघरला सुरुवात झाली, तिच्यातला इस्रोच्या तंत्रज्ञानाचा हा संचही विजेवरच चालतो. मासळी बर्फात असते म्हणून बरं. फ्रिज असता तर त्याने एकट्याने या सगळ्यांहून जास्त खाल्लं असतं.

म्हणून जाणते तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान, दोन बॅटऱ्या ठेवतात, आणि त्या आतूनही वेगळ्या असतात. स्टार्टरच्या बॅटरीत शिशाच्या पातळ, पुष्कळ प्लेटा: पृष्ठभाग मोठा, त्यामुळे एका झटक्यात प्रचंड करंट. दिव्यांच्या बॅटरीत जाड प्लेटा, सावकाश आणि खोलवर रिकामं होणं सोसणाऱ्या. वीज देताना दोन्हींत प्लेटांवर लेड सल्फेट साचतं. चार्जिंग वेळेवर झालं तर ते पुन्हा विरघळतं. दिवसचे दिवस तसंच राहिलं तर त्याचे स्फटिक घट्ट होतात आणि तेवढी बॅटरी कायमची जाते. मधल्या स्विचने रात्री स्टार्टरची बॅटरी तोडून ठेवली, की दिव्याने दुसरी कितीही चाटूनपुसून खाल्ली तरी इंजिनाचा वाटा शाबूत.

भरतानाही गंमत आहे. रिकामी बॅटरी अल्टरनेटरचा करंट अधाशासारखा घेते, पण शेवटच्या पाचव्या हिश्श्याला तासन् तास लावते. तेवढ्यासाठी इंजिन चालवणं म्हणजे डिझेलची नासाडी. केबिनच्या छपरावरचं छोटं सोलर पॅनेल मात्र हेच काम बिनबोभाट करतं: थोडा करंट, पण दिवसभर. आणि दिवा एलईडीचा, दोन वॉटचा घेतला, तर रात्रीचा खर्च दहावरून दोन अँपिअर-तासांवर येतो. तेवढी वीज ५० वॉटचं पॅनेल स्वच्छ उन्हात तासाभरात भरून काढतं.