विम्याच्या कामात बाया

बेल्ह्याच्या बाजारात बैल घेताना आपण दात पाहतो, पण विम्याच्या कागदावर न वाचताच अंगठा देतो. नवरा गेलेल्या बाईला तो कागद गावातल्या बाईनेच समजावलेला बरा, असे आम्हांला वाटते.

आयुर्विमा महामंडळ १९५६ साली निघाले. उषा सांगवान तेथे १९८१ साली अधिकारी म्हणून लागल्या आणि २०१३ साली पहिल्या महिला व्यवस्थापकीय संचालक झाल्या. बत्तीस वर्षे लागली!

गावच्या बाईला वाट एजंटाच्या कामाची. महामंडळाने डिसेंबर २०२४ मध्ये 'विमा सखी' योजना काढली. तिला दहावी पास बाई चालते. तीन वर्षे शिकायचे. नेमून दिलेले काम केले तर पहिल्या वर्षी महिना ७,००० रुपये मिळतात. पुढे विकास अधिकारी होण्याची संधी आहे, पण त्याला पदवी लागते. आणि आपल्याकडे पुष्कळ मुलींची शाळा दहावीलाच सुटते.