कागदावर हरलेली गाडी

मर्सिडीज-एएमजी सी ६३ म्हटलं की कारवेड्यांना आधी आठवतो आवाज. चार लिटरच्या व्ही-८ इंजिनाची डरकाळी. पहाटे स्टार्टर दाबला की अख्खी गल्ली जागी! २०२२ मध्ये नवी सी ६३ आली आणि बॉनेटखाली निघालं दोन लिटरचं, चार सिलिंडरचं इंजिन. जोडीला मागच्या बाजूला इलेक्ट्रिक मोटर. ताकद थेट ६८० हॉर्सपॉवर, शून्य ते शंभर ३.४ सेकंदांत. मग रडायचं कशाला? पण वजन दोन टनांच्या पुढे गेलं, आणि नुसत्या बॅटरीवर गाडी धावते १३ किलोमीटर. एवढं तर आपण कॉलेजला जाऊन-येऊन करतो.

जुन्या चाहत्यांपैकी काहींची नजर मग कट्टर प्रतिस्पर्धी बीएमडब्ल्यू एम ३ कडे वळली. मॅन्युअल गिअरची एम ३ म्हणजे ४८० हॉर्सपॉवर आणि शंभर गाठायला ४.२ सेकंद. चक्क हळू! पण सहा सिलिंडर आहेत, क्लच आहे, गिअर स्वतःच्या हातात आहे.

एक गोष्ट मात्र मागे सुटते. एएमजीच्या इंजिनावर ते जोडणाऱ्या कारागिराच्या सहीची पट्टी असते. नव्या छोट्या इंजिनावरही ती आहे.