दोन अंश मागे

प्लगच्या पांढऱ्या पोर्सिलेनवर मिरपूड भुरभुरावी तसे बारीक ठिपके पडले होते. मिस्त्रींनी भिंग माझ्या हातात दिलं. "जरा उजेडात धरा." उजेडात धरल्यावर त्यातले दोन-तीन ठिपके चमकले.

"काजळी चमकत नाही," मिस्त्री म्हणाले. "हे पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. भाच्याची गाडी पिस्टन खातेय."

माझा भाचा शेजारीच उभा होता, चेहरा प्लगपेक्षा पांढरा. गाडी बाराशे सीसीची टर्बो हॅचबॅक. डिसेंबरात पुण्यात त्यानं ती कुणाकडून तरी रिमॅप करून घेतली, म्हणजे इंजिनच्या संगणकातले आकडे बदलून घेतले. टाकीत महागडं शंभर ऑक्टेनचं पेट्रोल होतं आणि सकाळची थंड हवा. बूस्ट, म्हणजे टर्बोनं हवेला दिलेला जादा दाब, ०.७ बारवरून १.२ वर गेला, गाडी उडायला लागली, व्हिडिओ काढून झाले. मे महिन्यात स्वारी लग्नासाठी अकोल्याला गेली. वाटेत मिळेल ते साधं पेट्रोल भरलं आणि पंचेचाळीस अंशांत महामार्गावर ॲक्सिलरेटर दाबून ठेवला. टकटक झाली असेल, पण एसी आणि गाण्यांच्या आवाजात ती कुणाला ऐकू येणार?

टर्बोवाल्यांच्या गप्पांत बूस्टचा आकडा मिशीला पीळ देत सांगितला जातो. टायमिंगचा, म्हणजे ठिणगी कधी पडते त्याचा, आकडा कुणी सांगत नाही. माझ्या मते इंजिन जगणार की नाही, हे त्या न सांगितलेल्या आकड्यावर ठरतं.

प्लगची ठिणगी पडली की मिश्रणाचा एकदम भडका होतो, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. ज्योत प्लगपासून निघते आणि पसरत जाते, त्याला साधारण दोन मिलिसेकंद लागतात. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या घेत असेल तर एका मिलिसेकंदात क्रँक १८ अंश फिरतो. म्हणून पिस्टन माथ्यावर पोचण्याआधीच ठिणगी टाकावी लागते. दाबाचा कळस माथा ओलांडल्यावर बारा ते सोळा अंशांवर यावा, म्हणजे धक्का कामी येतो. झोपाळा मागे येत असतानाच ढकलला तर हाताला मार बसतो, तसंच हे. जुन्या गाड्यांत मिस्त्री डिस्ट्रिब्युटर हातानं किंचित फिरवून कानानं टायमिंग लावत. आता तेच काम फेऱ्या आणि लोड यांच्या तक्त्यातले, म्हणजे मॅपमधले, शेकडो चौकोन करतात.

टर्बो आला की हिशेब बदलतो. सिलिंडरमध्ये हवा दाटून भरली की ज्योत भरभर पसरते, म्हणजे ठिणगी उशिरा टाकली तरी चालते. पण खरी भीती वेगळी आहे. ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण दाबानं आणि उष्णतेनं आपसूक पेटतं. त्यातून निघालेल्या दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटतात. तोच नॉक. लहान गाड्यांच्या सिलिंडरमध्ये ही लाट सेकंदाला हजारो वेळा थरथरते. रिंगांमधला पिस्टनचा काठ तुटतो तो बहुधा यानंच. बूस्ट एक पीएसआय वाढवला तर टायमिंग एक अंश मागे घ्या, असा एक ढोबळ आडाखा कारागीर सांगतात. सुरुवात करायला तो बरा, पण त्यावर विसंबून गाडी ताब्यात देऊ नये.

हवामानही या हिशेबात असतं. बाहेरच्या ३० अंशांच्या हवेचा दाब टर्बोनं दुप्पट केला, तर टर्बोमधून ती सुमारे १२५ अंशांवर बाहेर पडते. अकोल्याच्या ४५ अंशांत हाच आकडा १४५ च्या घरात जातो. इंटरकूलर त्यातलं बरंच काढून घेतो, पण तोही बाहेरच्याच हवेनं थंड होतो. त्यात मे महिन्याचं ट्रॅफिक असलं, तर तो स्वतःच तव्यासारखा तापलेला असतो.

ही अडचण आजची नाही. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिलनं जेटफायर ही टर्बो गाडी विकायला काढली. तिचं कॉम्प्रेशन १०.२५ होतं, टर्बोसाठी भलतंच जास्त. नॉक टाळायला कंपनीनं मेथेनॉल आणि पाण्याचं मिश्रण आत फवारायची सोय केली आणि त्याला 'टर्बो रॉकेट फ्लुइड' असं भारदस्त नाव दिलं. बाटली संपली की यंत्रणा बूस्ट कमी करी. पण ती भरायची आठवण मालकांना राहीना. पुढे कित्येक जेटफायरचे टर्बो काढून तिथं साधे कार्ब्युरेटर बसले. भाच्याच्या आणि त्या मालकांच्या स्वभावात मला फारसा फरक दिसत नाही.

खरं उत्तर स्वीडनच्या साबनं काढलं. १९७७ साली त्यांनी ९९ टर्बो दाखवली, ती ७.२ च्या बेताच्या कॉम्प्रेशनवर चालायची. मग अभियंता पेर यिलब्रांड यांच्या टोळीनं इंजिनच्या ब्लॉकवरच कान बसवला. १९८२ च्या ९०० टर्बोवर आलेल्या या एपीसी यंत्रणेत नॉक सेन्सर खडखड ऐकायचा आणि एका व्हॉल्व्हमधून वेस्टगेटला, म्हणजे एक्झॉस्टला टर्बोबाहेरून वाट देणाऱ्या झडपेला, हुकूम सुटायचा: बूस्ट उतरव. पेट्रोल हलकं भरलं तर गाडी थोडी मंदावे, पण इंजिन शाबूत राही. या कानाच्या भरवशावर कॉम्प्रेशन ८.५ पर्यंत चढवता आलं. नव्वदच्या दशकात साबनं पुढची मजल मारली. ट्रायॉनिक यंत्रणेत ठिणगी पडून गेल्यावर त्याच प्लगवर थोडा विजेचा दाब ठेवायचा आणि पेटलेल्या वायूतून किती प्रवाह वाहतो ते मोजायचं. प्लगच कान झाला!

एपीसीनं हात घातला तो बूस्टला. त्यात एक खोच आहे. टर्बोचं चाक मिनिटाला लाखावर फेऱ्या घेत असतं. वेस्टगेट उघडलं तरी दाब उतरायला वेळ जातो. टायमिंग मात्र पुढच्याच ठिणगीला बदलता येतं. म्हणून आजचा ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, आधी टायमिंग मागे ओढतो आणि खडखड थांबली नाही तर मग बूस्ट उतरवतो. नॉक ऐकू आला की त्या सिलिंडरचं टायमिंग एका झटक्यात दोन-तीन अंश कापायचं आणि मग चिंगूसपणे थोडं थोडं परत द्यायचं, अशी त्याची रीत.

भाच्याच्या गाडीचा लॉग मिस्त्रींनी लॅपटॉपवर उघडला. मॅपमध्ये ५००० फेऱ्यांना १२ अंश मागितले होते. प्रत्यक्षात मिळत होते सहा, तिसऱ्या सिलिंडरला तर त्याहून कमी. "हे बघा," ते म्हणाले, "कागदावर बारा, हातात सहा. मधले सहा ईसीयूनं जीव वाचवायला कापले. आणि कापायच्या आधी प्रत्येक वेळी एक ठोका बसलाच."

कापलेल्या टायमिंगचीही किंमत असते. उशिरा पेटलेल्या मिश्रणाची ताकद पिस्टनवर पडत नाही, ती उष्णता होऊन एक्झॉस्टमध्ये जाते. तिथलं तापमान साडेनऊशे अंशांच्या वर रेंगाळलं तर टर्बाइनचीही खैर नाही. रॅलीतले लोक मुद्दाम हेच करून टर्बो फिरता ठेवतात, पण त्यांच्यामागे सुट्या भागांचा ट्रक येतो.

मिस्त्रींनी मग बूस्ट १.२ वरून एक बारवर आणला आणि टायमिंग दोन अंश मागे घेतलं. डायनोच्या रोलरवर गाडी पुन्हा ओढली. मागितले दहा, मिळाले दहा. आलेख जवळजवळ होता तिथंच राहिला. कमी बूस्टवर तीच ताकद, हे भाच्याला पटेना. दोनदा विचारलं त्यानं.

कमी फेऱ्यांवरही मिस्त्रींनी टॉर्क थोडा कापला. लहान टर्बो इंजिनांत दीड हजार फेऱ्यांवर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला तर कधी कधी तेलाचा थेंब ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतो. ठिणगीच पडलेली नसते, त्यामुळे टायमिंग मागे घेऊन तिथं काही साधत नाही. आणि बूस्ट वाढवल्यावर प्लगची फटही कमी करावी लागते, नाहीतर दाटलेल्या हवेत ठिणगी विझते आणि गाडी झटके मारते. रिमॅपची पॅकेज विकणारे हे सांगायला विसरतात.

पेट्रोलचंही तसंच. आपल्याकडे साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं होतं, वीस टक्के इथेनॉलच्या ई-२० मध्ये ते ९५ च्या आसपास जातं. इथेनॉल वाफ होताना सिलिंडर गार करतं, टर्बोला ते मानवतं. पण ते जळायला हवा कमी लागते, म्हणून त्याच हवेला इंधन जास्त द्यावं लागतं. इंजेक्टर आणि पंप आधीच टेकीला आलेले असतील तर मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात इंधन कमी पडतं, आणि फायदा पाण्यात जातो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरबदलांना आडवं येतं, हेही भाच्याला मी सांगून पाहिलं. त्यानं ऐकल्यासारखं केलं.

नवे प्लग मिस्त्रींनी फीलर गेज घालून ०.७ मिलिमीटरवर लावले, एकेक करून, घाई न करता.

"काका, किती बीएचपी गेले?" भाच्यानं विचारलं.

मिस्त्रींनी जुना प्लग कागदात गुंडाळून त्याच्या हातात ठेवला. "पाचशे किलोमीटरनं हे नवे काढून आण. भिंग इथंच आहे."