बुसोनीचा पियानो : तबकडीने राखलेले आणि गाळलेले

फेरुच्चो बुसोनी (१८६६–१९२४) हा विसाव्या शतकाच्या आरंभीचा एक अग्रगण्य पियानोवादक आणि संगीतकार. जन्म इटलीत, फ्लॉरेन्सजवळच्या एंपोली गावी. आई पियानो वाजवणारी, वडील क्लॅरिनेट वाजवणारे. १८९४ पासून त्याचे बिऱ्हाड बर्लिनमध्ये होते. पहिल्या महायुद्धातली काही वर्षे त्याने झुरिचमध्ये काढली. बाखच्या ऑर्गन आणि व्हायोलिनसाठीच्या रचनांची त्याने केलेली पियानो-रूपांतरे आजही मैफलींत वाजतात. मात्र अनेक दशके युरोप-अमेरिकेतल्या मैफली गाजवणाऱ्या या वादकाच्या पियानोचा प्रत्यक्ष ध्वनी आज चार तबकड्यांत, जेमतेम अर्धा तास उरला आहे. त्याखेरीज स्वयंचलित पियानोसाठी त्याने वाजवून दिलेल्या छिद्रांच्या कागदी गुंडाळ्या आहेत. तबकडी आणि गुंडाळी यांचे तंत्र मुळातच वेगळे. एकीने जे राखले ते दुसरीने गाळले, आणि दोन्हींवरून बुसोनी कसा वाजवत असे हे ठरवताना आधी ही गाळणी समजून घ्यावी लागते.

लंडनमधले मुद्रण

नोव्हेंबर १९१९ मध्ये बुसोनी लंडनला कोलंबिया कंपनीसाठी वाजवायला बसला. त्या अनुभवाचे वर्णन त्याने पत्नी गेर्डा हिला लिहिलेल्या पत्रात आहे. गुनोच्या ‘फाउस्ट’ या ऑपेरातल्या वॉल्ट्झवर लिस्टने बेतलेली रचना सुमारे दहा मिनिटांची. ती चार मिनिटांत बसवायची होती. त्यामुळे ऐन वेळी काटछाट करावी लागली. पेडल जपून दाबायचे, काही स्वर यंत्राला मानवतील अशा बेताने मुद्दाम जोरात तर काही हलके वाजवायचे, चूक होईल म्हणून हात मोकळा सोडायचा नाही, आणि वाजेल तो प्रत्येक स्वर कायमचा राहणार याचे दडपण, असा त्याच्या तक्रारीचा सूर होता.

बाजारात आलेल्या तबकड्या मात्र फेब्रुवारी १९२२ मधल्या मुद्रणाच्या आहेत. त्यांत बाखच्या ‘वेल-टेंपर्ड क्लाव्हिए’मधली पहिली, सी मेजरमधली जोडरचना आहे, बाखच्या एका कोराल प्रिल्यूडचे बुसोनीनेच केलेले रूपांतर आहे, बीथोव्हनचे एकोसेझ, शोपँचे एक नॉक्टर्न व दोन एत्यूद आणि लिस्टची तेरावी हंगेरियन ऱ्हाप्सडी आहे. ऱ्हाप्सडीला इथेही कात्री लागली. एका बाजूवर शोपँचे ए मेजरमधले सातवे प्रिल्यूड आणि जी फ्लॅट मेजरमधला एत्यूद एकापाठोपाठ आहेत. या दोन दूरच्या स्वरस्थानांना जोडणारा छोटासा दुवा बुसोनीने स्वतःच्या मनाने वाजवला आहे. दोन रचनांच्या मध्ये असे काही वाजवून पुढच्या रचनेत शिरण्याची त्या काळच्या पियानोवादकांची रीत होती. ती प्रत्यक्ष ऐकायला मिळते म्हणून ही बाजू अभ्यासकांना मोलाची वाटते.

कर्णा, पडदा आणि मेण

१९२२ च्या मुद्रणात विजेचा काही संबंध नव्हता. मायक्रोफोन नाही, आवाज वाढवणारे उपकरण नाही. पियानोजवळ एक मोठा कर्णा रोखलेला असे. त्याच्या अरुंद टोकाशी पातळ पडदा आणि पडद्याला जोडलेली कापणारी सुई. सुईखाली जाड मेणाची गुळगुळीत तबकडी फिरे. ती किंचित गरम करून मऊ ठेवलेली असे, आणि फिरण्याचा वेग एकसारखा राहावा म्हणून यंत्र बऱ्याचदा खाली उतरणाऱ्या वजनावर चालवले जाई. ध्वनिलहरींनी पडदा थरथरे, सुई डावी-उजवीकडे हले आणि मेणात नागमोडी चर उमटे. चर कापण्यासाठी लागणारी सगळी ऊर्जा वादकाच्या बोटांतून निघालेल्या ध्वनीचीच होती.

बुसोनीच्या तक्रारींची कारणे या रचनेतच सापडतात. वाद्य फार हळू वाजले तर चर इतका उथळ नागमोडी होई की तबकडीच्या खरखरीत तो बुडून जाई. फार जोरात वाजले तर सुई शेजारच्या चरात घुसे. म्हणजे सर्वांत हलका आणि सर्वांत जोरकस स्वर यांतले अंतर वादकाला आपणहून कमी करावे लागे. पेडल दाबले की सगळ्या तारा मोकळ्या होतात आणि स्वर एकमेकांत मिसळतात; खोलीत ते भरदार वाटते, कर्ण्यातून त्याचा गोंधळ होतो. बारा इंची तबकडीची एक बाजू चार-साडेचार मिनिटांत संपे. मेणावरचे मुद्रण लगेच वाजवून पाहायचे म्हटले तर चर खराब होई, त्यामुळे नापसंत भाग तेवढा दुरुस्त करण्याची सोय नव्हती. चूक झाली की पूर्ण बाजू पुन्हा वाजवायची.

मेणाच्या तबकडीवर वाहक भुकटीचा लेप देऊन विद्युत्‌विलेपनाने धातूचा उलटा साचा काढत आणि त्याच्या पुढच्या साच्यांवरून विक्रीच्या तबकड्या दाबत. या तबकड्यांचा बांधणारा घटक होता शेलॅक, म्हणजे लाखेच्या किड्यापासून मिळणारी शुद्ध केलेली लाख. जगाला तिचा मोठा पुरवठा भारतातून होई. लाखेत दगडाची बारीक पूड मिसळलेली असे. पोलादी सुईचे टोक चराच्या आकाराला घासले जावे, हा तिचा एक उपयोग. ऐकताना येणारी सततची खरखर हा तिचा परिणाम.

निम्मा पियानो

कर्ण्यावाटे होणारे मुद्रण ढोबळमानाने १६८ ते २००० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला ध्वनी टिपे. पियानोच्या सर्वांत खालच्या स्वराची वारंवारता २७.५ हर्ट्झ आणि सर्वांत वरच्या स्वराची ४१८६ हर्ट्झ असते. हिशेब केला तर ८८ पट्ट्यांपैकी डावीकडच्या ३२ पट्ट्यांची आणि उजवीकडच्या १३ पट्ट्यांची मूळ वारंवारता या पट्ट्याबाहेर पडते. उरतात ४३.

तरीही तबकडीवर खर्ज ऐकू येतो. पियानोची तार एकाच वारंवारतेने कंप पावत नाही. मूळ वारंवारतेच्या जवळजवळ दुप्पट, तिप्पट, चौपट असे उपस्वर तिच्यातून एकाच वेळी निघतात. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून उमटणारा स्वयंभू गंधार हा अशाच मालिकेतला पाचवा स्वर आहे. बाखच्या त्या जोडरचनेतल्या सी मेजर प्रिल्यूडमध्ये शेवटाकडे आठ मापे खाली एकच जी हा स्वर धरलेला आहे. त्याची मूळ वारंवारता ९८ हर्ट्झ, म्हणजे ती चरात जवळपास उमटतच नाही. मात्र १९६, २९४, ३९२, ४९० हर्ट्झचे उपस्वर उमटतात. या सगळ्यांत सारखे अंतर आहे ९८ चे. मेंदू ते अंतर हेरतो आणि नसलेला खालचा स्वर ऐकणाऱ्याला ऐकू येतो. स्वर कोणता ते कळते, पण त्याचे वजन आणि घुमारा हाती लागत नाही.

वरच्या बाजूला उलटा प्रकार घडतो. मधल्या सीचे (२६१.६ हर्ट्झ) सातव्यापर्यंतचे स्वर पट्ट्यात बसतात, त्यामुळे तो बराचसा पियानोसारखा वाटतो. त्याच्या दोन सप्तके वरच्या सीचा (१०४६.५ हर्ट्झ) मात्र पहिलाच उपस्वर २०९३ हर्ट्झवर जातो आणि गळतो. उरतो एकटा मूळ स्वर. तो बासरीच्या अंगाने ऐकू येतो. हातोडी तारेवर आदळते तेव्हाच्या क्षणिक आघातातला तीक्ष्ण भागही २००० हर्ट्झच्या वरच असतो. पियानो हा पियानो म्हणून ओळखू येण्यात या आघाताचा मोठा वाटा आहे. तो बोथट झाला की उत्तम वादकाचा स्पर्शही सपाट भासतो.

भर म्हणून कर्णा आणि पडदा यांना स्वतःच्या अनुनादाच्या वारंवारता असतात. त्यांच्याजवळचे स्वर उगाचच उसळी मारतात. तेव्हा तबकडीवर एखादा स्वर खटकण्याइतका ठळक आला, तर तो बुसोनीने उचलून वाजवला की कर्ण्याने वाढवला, हे नुसत्या कानाने सांगता येत नाही.

कागदावरचे वादन

जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या वेल्टे कंपनीने १९०४ मध्ये वेल्टे-मिन्यों ही पद्धत आणली; अमेरिकेतल्या एओलियन कंपनीची ड्युओ-आर्ट पद्धत पुढच्या दशकातली. बुसोनीने दोन्हींसाठी वाजवले. शोपँची चोवीसही प्रिल्यूड्स आणि बाखच्या शाकोनचे स्वतःचे रूपांतर त्याने ड्युओ-आर्टच्या गुंडाळ्यांवर दिले.

वादक वाजवत असताना कोणती पट्टी केव्हा दाबली आणि केव्हा सुटली याची नोंद होई आणि ती छिद्रांच्या रूपाने कागदावर येई. गुंडाळी वाजवताना कागद छिद्रांच्या एका धातूच्या पट्टीवरून सरके. कागदाचे छिद्र पट्टीच्या छिद्रावर आले की हवा आत जाई, झडप उघडे, शोषणाने छोटा भाता मिटे आणि हातोडी तारेवर पडे. शोषण जितके जास्त तितका स्वर मोठा. ऐकू येणारा ध्वनी खऱ्या पियानोचा, पूर्ण सप्तकांचा. खरखर नाही, चार मिनिटांची मर्यादा नाही.

उणीव होती ती जोर नोंदवण्यात. वेल्टेच्या यंत्रात पियानोचे डावा आणि उजवा असे दोन भाग करून प्रत्येकाचे शोषण वेगळे सांभाळले जाई. ड्युओ-आर्टमध्ये मुख्य सुरावट आणि साथ यांना प्रत्येकी सोळा पायऱ्या होत्या. वादक वाजवत असताना निर्मिती सांभाळणारा माणूस खुंट्या फिरवून जोराच्या या नोंदी करी आणि नंतर वादकाबरोबर त्या तपासल्या जात. एकाच भागात एकाच क्षणी वाजणाऱ्या दोन स्वरांना वेगवेगळा जोर देणे यंत्राला शक्य नव्हते. छिद्रे किंचित मागेपुढे करून काम भागवावे लागे. चुकलेला स्वर चिकटपट्टीने बुजवता येई, राहिलेला नव्याने टोचता येई. गुंडाळीवरच्या निर्दोष सफाईचे सगळे श्रेय म्हणून वादकाला देता येत नाही. शोपँचे सातवे प्रिल्यूड, अवघ्या सोळा मापांचे, तबकडी आणि गुंडाळी दोन्हींवर असल्याने तुलनेला उपयोगी पडते : तबकडीवर सलग वाजवलेला, न दुरुस्त केलेला अरुंद ध्वनी, गुंडाळीवर पूर्ण ध्वनी, पण दुसऱ्याचा हात फिरलेला.

वेगाचा प्रश्न

‘७८ची तबकडी’ हे नाव पुढे रूढ झाले. त्या काळी मिनिटाला नेमके ७८ फेरे हा सर्वांचा दंडक नव्हता. कोलंबियाच्या अनेक तबकड्या ८० फेऱ्यांच्या होत्या. ८० ची तबकडी ७८ ने फिरवली तर वेग अडीच टक्क्यांनी घटतो आणि स्वर अर्ध्या सेमीटोनच्या आसपास उतरतो. म्हणून तबकडीचे डिजिटल रूपांतर करताना रचनेची मूळ पट्टी आणि त्या काळचे पियानोचे स्वरमान धरून योग्य वेग शोधला जातो. वेगवेगळ्या जाडीच्या सुया वापरून चराच्या भिंतीचा कमी झिजलेला भाग गाठला जातो. खरखर संगणकाने कमी करता येते. मात्र ती वरच्या उपस्वरांच्याच पट्ट्यात असल्याने जास्त पुसली तर आधीच तुटपुंजे उपस्वरही जातात. गुंडाळीलाही वेगाची अडचण आहेच : कागद गुंडाळला जाऊन पुढचे रूळ जाड होते, तसा कागद अधिक वेगाने ओढला जातो.

भरवसा कशावर

मायक्रोफोनच्या साहाय्याने केलेल्या तबकड्या १९२५ मध्ये बाजारात येऊ लागल्या आणि टिपला जाणारा पट्टा सुमारे ५००० हर्ट्झपर्यंत रुंदावला. बुसोनी २७ जुलै १९२४ रोजी बर्लिनमध्ये निवर्तला होता. त्याचा शिष्य एगॉन पेट्री याने या नव्या पद्धतीने भरपूर मुद्रण केले, आणि बुसोनीच्या परंपरेतल्या पियानोच्या नादाचा अंदाज घ्यायला त्या तबकड्या साधन म्हणून वापरल्या जातात.

बुसोनीच्या स्वतःच्या तबकड्यांवरून नाद, पेडल आणि जोराची चढउतार यांविषयी ठाम विधान करणे धोक्याचे आहे. हे सगळे कर्ण्याने आणि यंत्राच्या धाकाने बदललेले आहे. काळाचे तसे नाही. स्वर सुरू होण्याचा क्षण अरुंद पट्ट्यातही नीट ओळखू येतो. तबकडीचा वेग चुकीचा धरला तरी सगळे अवधी सारख्याच प्रमाणात बदलतात, त्यामुळे त्यांची आपसातली गुणोत्तरे कायम राहतात. एखादे माप किती ताणले, सुरावट साथीच्या किती मागून आली, ओळ संपताना लय किती सैल सोडली, हे ‘सॉनिक व्हिज्युअलायझर’सारख्या संगणक प्रणालीवर सेकंदाच्या शतांशापर्यंत मोजता येते. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या अर्ध्या तासातून सर्वांत खात्रीने हाती लागते ती बुसोनीची लय.