लहान राहण्याची अट

लोणची, पाव, मेणबत्त्या, काचेच्या बांगड्या, वह्या, कुलुपं. या सगळ्यांत समान काय? एप्रिल २०१५ पर्यंत आपल्या देशात या वस्तू लघुउद्योगांसाठी राखीव होत्या.

१९६७ मध्ये ही यादी ४७ वस्तूंपासून सुरू झाली. पुढे ती आठशेच्या वर गेली. हेतू चांगलाच होता. मोठ्या भांडवलापुढे लहान कारखानदार टिकावा, चार हातांना काम मिळावं. पण 'लहान' कोण, हे सरकारने यंत्रसामग्रीतल्या गुंतवणुकीवरून ठरवलं. आता कुलुपं करणाऱ्याची अडचण बघा. नवं, चांगलं यंत्र घेतलं की गुंतवणूक वाढते. ती मर्यादेबाहेर गेली की तो 'लहान' उरत नाही आणि मालाचा मोठा हिस्सा निर्यात करण्याची अट येते. मग व्यवहारी माणूस काय करणार? जुनंच यंत्र रेटणार, नाहीतर भावाच्या नावावर दुसरा कारखाना काढणार.

२००१ मध्ये आयातीवरची संख्यात्मक बंधनं उठली. म्हणजे परदेशातल्या अवाढव्य कारखान्यातलं कुलूप इथे विकायला मोकळीक, आणि इथल्या माणसाने वाढायचं म्हटलं की अटी!

तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर इथे साधनच साध्य होऊन बसलं. जपायचं होतं माणसाला. जपलं गेलं त्याचं लहानपण.

म्हणून नियमनच नको, असं मी म्हणत नाही. नियम नसेल तिथे बळी तो कान पिळी. फटाक्यांच्या कारखान्यात कामगाराच्या जिवासाठी नियम हवाच. फक्त नियम करताना एवढं विचारावं : ज्याच्यासाठी हा केला, तो उद्या मोठा झाला तर त्याला शाबासकी मिळणार, की शिक्षा?